नवरीचा कागद

"बोल रे चाका, बोल खरं, आतलं दुखणं बाहेर बरं."

हा बापाचा आवाज. बाप जाऊन वर्षं लोटली, पण चिमणीच्या कानात तो अजून उकिडवा बसून चाकाशी बोलत असायचा. मालाच्या ट्रकभोवती त्याची रोज सकाळी फेरी असे. हातात लांब दांड्याची हातोडी. एकेका चाकाशी तो थांबे, टण्‌ करून ठोकी, आणि लेकराच्या छातीला कान लावावा तसा ऐकत बसे. टण्‌ वाजलं की पुढे. ठप्प वाजलं की त्या दिवशी ट्रक हलत नसे, मग मालकाने कितीही थयथयाट करो. दादा तेव्हा अर्ध्या चड्डीतला. तो मागच्या चाकाआड लपून चाकाच्या आवाजात ओरडे, "बरंय रे बाबा, बरंय! जा आता!" चिमणी खिदळे. बाप डोळे वटारी, पण मिशीत हसे.

"चाकाच्या तोंडून तू बोलू नकोस रे गाढवा. त्याचं त्याला बोलू दे."

तोच दादा आता भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीचा मालक होता. चिमणी त्याच्या काउंटरवर बसायची, गिऱ्हाइकांना किल्ल्या द्यायची. आणि गॅरेजच्या खड्ड्यात उतरून त्या गाड्यांची पोटं बघायचा तो मिस्त्री, चिमणीचा नवरा. बापाने जाताना हातोडी दादाला दिली नाही, जावयाच्या हातात ठेवली. दादा त्यावर चारचौघांत हसून म्हणायचा, "हातोडी जावयाला आणि शिव्या मला. असा आमचा बाप." सगळे हसायचे. दादाही हसायचा, पण डोळे सोडून.

बेकरीवाल्याचा अपघात झाल्यापासून ते हसणं चिमणीला ऐकवत नसे.

झालं ते असं.

नव्या गाड्या आवारात यायच्या त्या पांढऱ्याशुभ्र, एकीसारखी एक, आणि बिननंबराच्या. नोंदणी व्हायला परिवहन खात्यात वेळ लागायचा, नंबराची पाटी त्यानंतर. तोवर गाड्या उभ्या ठेवल्या तर भाड्याचा धंदा बुडेल, म्हणून खातं अशा कंपन्यांना तात्पुरता परवाना द्यायचं. पिवळा कागद. एका गाडीला एक, त्या गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला लांबलचक आकडा त्यावर छापलेला. पुढच्या काचेला आतून चिकटवायचा. त्यावरची मुदत संपेपर्यंत गाडी पाटीशिवाय रस्त्यावर धावू शकते. मुदत संपली की गाडी जागची हलवायची नाही.

पण पाटीच नाही म्हटल्यावर गाड्या ओळखायच्या कशा? वाकून तो आकडा वाचायचा कंटाळा सगळ्यांनाच. मग आवारातल्या पोरांनी गाड्यांना नावं ठेवली आणि जाड काळ्या मार्करने पिवळ्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून टाकली. एकीचा हॉर्न सर्दी झाल्यासारखा, ती मावशी. एक सकाळी सुरूच व्हायची नाही, ती सुस्ताई. शोरूममधून आरशाला लाल रिबीन बांधून आली ती नवरी. रिबीन कधीच उडाली, नाव राहिलं. आणि एक होती रडकी. ब्रेक दाबला की कुंईऽऽ करून रडायची आणि पायाखालचं पेडल खोल खोल जायचं. मिस्त्रीने तिला मागच्या रांगेत भिंतीला तोंड करून उभी केली होती, शाळेत पोराला करतात तशी. "रडकीला कुणी हात लावायचा नाही. सामान आल्याशिवाय ही फाटकाबाहेर गेली तर माझ्याशी गाठ आहे," असं त्याने काउंटरवर येऊन सगळ्यांच्या देखत बजावलं होतं. सामान येईना. तेवढ्यात रडकीच्या कागदाची मुदतही संपली.

नाव गाडीवर नव्हतं, कागदावर होतं. कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. सगळ्यांना गंमत वाटायची.

त्या दिवशी नवरीच्या पुढच्या काचेला दगड लागून तडा गेला. मिस्त्रीने सकाळीच तिची चाकं ठोकून, पेडल दाबून बघितलं होतं. गाडी ठणठणीत, फक्त काच बदलायची. काचवाला दुपारी येणार होता. त्याच्या आधी बेकरीवाला आला. घामाघूम. त्याची स्वतःची गाडी बंद पडलेली, पाव भट्टीतून निघालेले, दुकानं वाट बघतायत. आवारातल्या चांगल्या गाड्या सगळ्या बाहेर गेलेल्या.

"आहे ना," दादा म्हणाला. "नवरी आहे. देतो."

काउंटरच्या खिडकीतून चिमणीला आवार दिसतं. तिने बघितलं. दादा ओलं फडकं घेऊन नवरीपाशी गेला. आत शिरून काच भिजवली, पातं घालून पिवळा कागद अलगद सोडवला, कडा न फाटता. मग ओला कागद दोन्ही तळहातांवर घेऊन, आरशासारखा जपत, मागच्या रांगेकडे चालत गेला. रडकीच्या काचेवरचा जुना कागद त्याने खरवडून चुरगळला, खिशात कोंबला, आणि नवरीचा कागद तिथे थापला. हाताने सारखा केला. खाली फुगा राहिला होता तो अंगठ्याने काढला.

तिने बघितलं, आणि फोन वाजला, आणि तिने फोन उचलला. बस्स. दादा करतोय म्हणजे विचार करूनच करत असेल. दादाबद्दल ती नेहमी असाच विचार करत आली होती.

गाडी फाटकाशी आली तेव्हा मिस्त्री तेलकट हात पुसत खड्ड्यातून वर आला. त्याने काचेवर बघितलं. नवरी. काच धड दिसली, म्हणजे काचवाला येऊन गेला. सकाळी आपणच तपासलेली गाडी. त्याने मान डोलावली. फाटक उघडलं.

उतारावरच्या चौकात रडकी रडली, पण थांबली नाही. गोदामाच्या भिंतीत शिरली. बेकरीवाल्याचे दोन्ही पाय इंजिनखाली सापडले. काचेचा चुरा झाला, आणि त्या चुऱ्याबरोबर झाडूवाल्याने पिवळ्या कागदाचा लगदाही लोटून नेला.

सांगाड्यावरचा आकडा तेवढा शाबूत राहिला. तो रडकीचा होता. नवरीची तडकलेली काच दुपारी काचवाला काढून घेऊन गेला, आणि तिच्यावर कागद नव्हता हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"मागच्या रांगेत उभी होती, मुदत संपलेली, ब्रेक गेलेला," दादाने खात्याला कळवलं. "मी हात लावला नाही. गाडी सोडायची की नाही, हे आमचे मिस्त्री ठरवतात. फाटकावर मान त्यांनी डोलावली. पोरांना विचारा."

पोरांनी खरं तेच सांगितलं. मान त्यानेच डोलावली होती.

"मी नवरी वाचलं," मिस्त्री म्हणाला. "कोपऱ्यात नवरी लिहिलं होतं."

"दाजी," दादा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "वय होतं माणसाचं. डोळे तपासून घ्या एकदा."

आणि मिस्त्रीने खरंच डोळे तपासून घेतले.

चष्मा घालून तो घरी आला तेव्हा चिमणी कांदा चिरत होती, म्हणून तिच्या डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणी विचारलं नाही. तो भिंतीवरच्या कॅलेंडरपासून लांब उभा राहिला. एक डोळा झाकून तारखा वाचल्या. मग दुसरा झाकून वाचल्या. मग चष्मा काढून वाचल्या.

"अहो, काय चाललंय?"

"दिसतं गं मला," तो म्हणाला. एखाद्या मुलाने गणित चुकल्याचं कबूल करावं तसा. "चष्म्याशिवायही दिसतं. डोळेवाला म्हणाला, नंबर नावाला आहे, चष्मा नको. मी म्हटलं, द्या तरी. म्हणजे बघ, त्या वेळेपुरतंच दिसलं नसेल मला. असं होतं म्हणे. मनात एक असतं आणि डोळा तेच वाचतो."

"असं काही होत नाही."

"मग कसं झालं?" त्याने चष्म्यातून तिच्याकडे बघितलं. "तूच सांग, कसं झालं?"

तिने कांदा चिरला. सुरी इतक्या जोरात आपटली की पाटावर खाच पडली.

त्या दिवसापासून हातोडी खिळ्याला टांगलेली राहिली. मिस्त्री गॅरेजात जायचा, पण आपण तपासलेली गाडी दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा तपासायला लावायचा. कधी एकाच चाकाशी बसून बोटांच्या पेरांनी टकटक करायचा, ऐकायचा, पुन्हा टकटक करायचा. पोरं एकमेकांना कोपर मारायची. ज्या माणसाच्या कानावर भरवसा ठेवून गाड्या रस्त्यावर जायच्या, त्याला आता आपलाच कान परका झाला होता. चिमणी खिडकीतून बघायची. दादावर संताप. त्याहून जास्त स्वतःच्या मुक्या तोंडावर.

ती दवाखान्यात जाऊन आली. फळांची पिशवी घेऊन गेली, जणू फळांनी पाय उगवणार होते. बेकरीवाल्याची बायको खाटेशी बसली होती. कंपनीतून आल्या म्हटल्यावर तिने पिशवीला हातही लावला नाही.

"नवी कोरी गाडी होती हो. नव्या गाडीला ब्रेक नसतात का? पाटी नसते, तशी तुमच्याकडे ब्रेकचीही सवलत मिळते का?"

चिमणीने पिशवी स्टुलावर ठेवली.

"तो तुमचा मिस्त्री. मान डोलावली म्हणे त्याने. त्याला सांगा, माझा नवरा आता कधी उभा राहील ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्याला रात्री झोप लागते का, एवढं विचारून या. लागत असेल तर ती मोडो."

झोप लागत नव्हती. ते चिमणीलाच ठाऊक होतं. पण 'मी त्याची बायको' हे शब्द तिच्या दातांआड अडकले, आणि त्यांच्यामागे दुसरे, मोठे शब्द अडकले. फळांची पिशवी परत घेऊन ती जिना उतरली.

तिथून ती थेट दादाच्या केबिनमध्ये गेली. दार न वाजवता.

"दादा, खरं सांग त्यांना."

"काय खरं?" दादाने मान वर केली नाही.

"मी खिडकीतून बघितलंय. फडकं, पातं, सगळं."

आता त्याने मान वर केली. त्याचा आवाज मऊ झाला. त्या मऊपणाचीच तिला भीती होती.

"चिमणे, दार लाव. बस. हे बघ, एका गाडीचा कागद दुसरीला लावला हे खात्याला कळलं, तर आपल्या एकूण एक गाडीचा परवाना रद्द. आवाराला कुलूप. तू, मी, ही पोरं, सगळे रस्त्यावर. आणि दाजींचं काय होणार आहे? ताकीद देतील. फार तर काही दिवस कामावर बंदी. मी त्यांना घरी बसून पगार देईन. राजासारखे राहतील."

"ब्रेक गेलेला होता हे तुला माहीत होतं."

"मिस्त्रींना प्रत्येक गाडी आजारी वाटते! शेवटी बाबांचाच जावई. माझ्या जागी बसून बघ. गिऱ्हाईक दारात उभं, गाडी आवारात उभी, आणि मधे काय, तर एक कागद!"

"ते चष्मा घालून फिरतायत, दादा."

आणि दादा हसला. खरंच हसला. "बरा दिसतो की त्यांना. मास्तर वाटतात."

तिने टेबलाची कड धरली. समोर दादाचा हात होता, ज्याने ती लहान असताना जुन्या टायरमधून तिच्या चपलांना तळ कापून दिले होते. शाळेत पोरं तिला टायरवाली म्हणाली, तेव्हा हाच हात त्यातल्या थोराडाच्या कानाखाली वाजला होता. बाप खाटेला खिळल्यावर याच हातांनी ट्रक धुऊन तिला वाढवलं होतं. त्या हाताकडे बघितलं की तिची जीभ जड व्हायची. हे दादाला माहीत होतं. म्हणून तर त्याने तो हात आता तिच्या डोक्यावर ठेवला.

"घरातलं घरात राहू दे, चिमणे. मी तुझ्यासाठी कमी केलंय का?"

"नाही," ती म्हणाली, आणि बाहेर आली. तिला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

खात्यातल्या बाई जबाब घ्यायला आल्या त्या दिवशी सकाळपासून दादा गोड बोलत होता. काउंटरच्या खोलीतच खुर्च्या मांडल्या. बाई पोक्त, उन्हातून आलेल्या, पदराने मान पुसत बसल्या. त्यांनी पाण्याचा पेला एका दमात संपवला. भिंतीवरच्या फळीवर किल्ल्या लटकत होत्या: मावशी, सुस्ताई, नवरी. रडकीचा खिळा रिकामा.

"ही नावं कसली?" बाईंनी विचारलं.

"पोरांची थट्टा," दादा म्हणाला. "पाटी येईपर्यंत ओळखायला."

"ओळखायला आम्ही कागदावर आकडा देतो."

"हो ना बाई. पण वाचतो कोण!" दादा हसला. बाई हसल्या नाहीत.

मिस्त्री भिंतीपाशी उभा होता. खुर्ची दिली तरी बसला नाही. धुतलेला शर्ट, नखांत न निघणारं तेल, नाकावर चष्मा. चष्मा सारखा घसरत होता, आणि तो मनगटाने वर सारत होता.

"मिस्त्री, गाडी फाटकातून तुम्ही सोडली?"

"हो."

"काचेवरचा परवाना बघितला होता?"

"बघितला होता."

"काय वाचलं?"

मिस्त्रीने चष्मा पुन्हा वर सारला. दादा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. खांद्यावर हात ठेवला.

"सांगा दाजी, घाबरू नका. बाई, कसं आहे, माणूस प्रामाणिक आहे हो. हाताला जादू आहे. पण अलीकडे नजर जरा... चष्मा लागलाय बघा. आमच्या लक्षात यायला उशीर झाला, एवढीच आमची चूक. बरे आहेत तसे. सगळं बरं आहे."

बरंय रे बाबा, बरंय. जा आता.

चिमणीला ऐकू आलं. मागच्या चाकाआडून, त्या पोराच्या आवाजात. फरक एवढाच की आता चाकाच्या जागी तिचा नवरा उभा होता, आणि हातोडी मारून ऐकणारं कुणी नव्हतं.

"त्यांना बोलू द्या," बाई म्हणाल्या. "काय वाचलं, मिस्त्री?"

"मला वाटतं..." मिस्त्री म्हणाला. "वाचायला चुकलो असेन. नजर अधू झालीय माझी. त्या माणसाचे पाय माझ्यामुळे गेले. काय लिहायचं ते लिहा, बाई, मी सही करतो."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

चिमणी उठली. खुर्ची मागे भिंतीवर आपटली आणि फळीवरच्या किल्ल्या किणकिणल्या.

"चिमणे," दादा तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाईंसाठी चहा सांग बघू."

"चहा तू सांग."

दादाने आता बघितलं. त्याचा तो हात नवऱ्याच्या खांद्यावरच होता, बोटं जरा जास्त रुतलेली. तिने त्या हाताकडे बघितलं. टायरचे तळ कापणारा हात. कागदाखालचा फुगा अंगठ्याने काढणारा हात. दोन्ही एकच. यापुढे त्यांना वेगळं करता येणार नव्हतं.

"चिमणे, विचार कर," तो हळू म्हणाला.

"केला. फार दिवस तेवढंच केलं." ती म्हणाली. "काढ तो हात. काढ म्हणते ना! बाबांनी तुला लहानपणीच बजावलं होतं, दुसऱ्याच्या तोंडून बोलू नकोस."

दादाचा हात आपोआप खाली आला.

ती काउंटरच्या बाहेर आली. बाईंकडे गेली नाही. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी त्याच्या नाकावरचा चष्मा उतरवला. तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला, उघड्या, धड, काही न बिघडलेल्या डोळ्यांनी.

"अहो, तुमची नजर चांगली आहे. तुम्ही नवरी वाचलं, कारण तिथे नवरीच लिहिलं होतं. तो कागद दादाने नवरीच्या काचेवरून सोडवला आणि रडकीला चिकटवला. मी या खिडकीतून बघितलं. तेव्हाच बघितलं होतं, आणि तुम्हाला सांगितलं नाही."